पालकांचा उत्साहपूर्ण सहभाग

तवेनी,
९ मार्च १९८१

प्रिय मकावासीताई,

पत्र हाती पडताच आधी खाली बस, कारण या बातम्या उभ्याने वाचण्यासारख्या नाहीत. पहिली: तुझ्या मावसभावाला शिक्षण कचेरीत बढती मिळाली. आजपासून मी नुसता कारकून नाही, 'पालक सहभाग सहाय्यक' आहे. दारावर पाटी अजून लागलेली नाही, पण दार मिळालं आहे. दुसरी: आपल्या मरुंग्याला माध्यमिक शाळा मंजूर झाली!

सरकारचं नवं धोरण असं की शाळा कुठे बांधायची, कशी, किती खोल्यांची, हे इथून पुढे कचेरीत बसून ठरवायचं नाही. पालकांनी ठरवायचं. पाटी कोरी आहे, ताई. पालक जे बोलतील ते होईल. आमचे मुसेम्बी साहेब स्वतः २८ तारखेला तुमचं म्हणणं ऐकायला डोंगर चढून येणार आहेत.

तुझ्याकडे कामं तीन. एक, सात पालकांची समिती नेमून ठेवणं. माणसं जरा वजनदार असावीत. दोन, सत्तर जणांचा चहा. तीन, साहेबांसाठी पाठ असलेली खुर्ची. मागच्या वेळी बाकावर बसून त्यांची कंबर धरली होती आणि त्या गावाचा अर्ज अजून सापडत नाहीये.

मलेम्बा आणि तिन्ही पोरं मजेत. वावुदा आता सातवीत, तुझ्या सारूबरोबरच.

तुझा,
न्याम्बू

*

मरुंगा,
२० मार्च १९८१

पालक सहभाग सहाय्यक न्याम्बू साहेबांस,

बसून वाचलं. अभिनंदन. पाटी लागली की कळव. आम्ही सगळ्या जणी कोबीच्या ट्रकात बसून दर्शनाला येऊ.

समिती नेमली. म्हणजे ती स्वतःच नेमली गेली, मी फक्त बघत होते. अध्यक्ष कोम्बोबाबा. वय चौऱ्याहत्तर, धाकटा मुलगा आजोबा झालाय, म्हणजे शाळेची निकड त्यांच्याइतकी कुणाला असणार? मग सरकारने गावावर नेमलेल्या आपल्या चीफचा मेहुणा, याची मुलं मोम्बासात शिकतात. चर्चमधले उपदेशक, यांचं लग्न व्हायचंय. दुकानदार, याचं लग्न झालंय पण मूल नाही. उरलेल्या तिघांना खरंच मुलं आहेत, पण ते तिघं सभेत बोलत नाहीत, मान हलवतात. सातही वजनदार आहेत. कोम्बोबाबांना तर दोन जणांनी धरून उठवावं लागतं.

बाया समितीत का नाहीत असं विचारलं, तर उपदेशक म्हणाले, "तुमच्याकडे किटली आहे ना!" खरंच आहे. ती सत्तर जणांची आहे.

आता दोन प्रश्न, अगदी घरगुती.

पहिला. गेल्या वर्षी आपल्या डोंगरावरच्या अकरा मुली सातवी पास झाल्या. अकराही घरी आहेत. मुलगे बसने खाली जातात, वसतिगृहात राहतात. मुलींना कोण पाठवतं? नव्या शाळेत मुली घेणार ना? माझी सारू डिसेंबरात सातवी होईल.

दुसरा. मंगळवारी दोन परके गडी आले आणि डोंगरमाथ्यावर, चीफच्या रस्त्यालगत, लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेले. एक खुंटी तर माझ्या घेवड्याच्या वाफ्यात आहे. मी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणाले, "शाळा."

पाटी कोरी आहे म्हणतोस. मग या रेघा कुणी मारल्या रे?

मकावासी

*

तवेनी,
२५ मार्च १९८१

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. मजकूर समजला.

खुंट्यांविषयी: ती केवळ प्राथमिक पाहणी आहे. प्राथमिक पाहणी म्हणजे निर्णय नव्हे. निर्णय पालकच घेतील. फक्त सभेत खुंट्यांचा विषय निघू नये असं बघ, कारण त्यामुळे पालकांच्या मनावर दडपण येऊन त्यांचं मोकळं मत मिळणार नाही.

मोकळं मत सोयीने देता यावं म्हणून साहेबांनी फॉर्म तयार केला आहे. मासला पाठवतो:

'डोंगरमाथ्यावरची जागा आपणांस कशी वाटते? (अ) उत्कृष्ट (ब) उत्तम (क) चांगली.'

मुलींविषयी: तो विषय दुसऱ्या टप्प्यात विचाराधीन आहे. दुसरा टप्पा कधी, हे पहिल्या टप्प्यानंतर ठरेल.

खुर्ची मिळाली का ते कळव.

न्याम्बू

*

मरुंगा,
४ एप्रिल १९८१

न्याम्बू,

ताकाला जाऊन भांडं लपवणं तुला लहानपणापासून जमत नाही. 'मजकूर समजला' असं तू लिहिलंस तेव्हाच मला खुंट्यांचं कळलं.

सभेला तू होतासच, तरी माझ्या बाजूने कशी दिसली ते सांगते. तू सगळा वेळ बुटांकडे बघत होतास.

साहेब दोन तास उशिरा आले. खुर्चीत बसले, आणि पहिलं वाक्य टाकलं, "या शाळेचे मालक तुम्ही आहात!" मालकांनी टाळ्या वाजवल्या. मालक उन्हात उभे होते.

मग आमच्यातली मशाई पुढे झाली. पाचवा महिना लागलाय तिला, पण आवाज ठणठणीत. "साहेब, डोंगरमाथ्यावर पाणी नाही. पोरं पिणार काय?"

"हा तांत्रिक प्रश्न आहे, बाई."

"तहान तांत्रिक असते होय?"

हसू आलं सगळ्यांना. साहेबांना नाही आलं. मग मी विचारलं, "कागदावर मुलींचा संडास कुठे दाखवलाय?" साहेब हसले, या वेळी एकटेच. "अहो, शाळा अजून उभी नाही आणि तुम्ही संडासाला निघालात! एवढी घाई कशाला?"

घाई अशी की मागल्या वर्षी घरी बसलेल्या अकरांपैकी दोघींची लग्नं झाली, आणि तिसरीचं जूनमध्ये आहे. पण हे मी बोलायच्या आत कोम्बोबाबांनी आभार मानायला सुरुवात केली आणि ते एकदा सुरू झाले की पीक कापणीला येतं.

शेवटी फॉर्म भरले. आमची माणसं भिडस्त. 'उत्कृष्ट' म्हणायला जीभ उचलेना, 'चांगली' म्हटलं तर पाहुण्याला कमीपणा, म्हणून सगळ्यांनी 'उत्तम'वर अंगठे उठवले. बघ, किती एकमत!

एक गोष्ट मात्र खरोखर पालकांनी ठरवली. साहेब म्हणाले, सिमेंट आणि पत्रे सरकार देईल, दगड आणि वाळू पालकांनी ओढ्यातून वाहून आणायची. समिती म्हणाली, कबूल. सातही पुरुष एका आवाजात म्हणाले, कबूल. ओढ्यातून डोंगरावर काहीही वाहून नेणारा पुरुष तू मरुंग्यात पाहिलायस का कधी?

आणि हो, मला समितीची चिटणीस केलंय. साहेबांनी इतिवृत्त मागितलं तेव्हा लक्षात आलं की वजनदार माणसांत लिहिता येणारं कुणी नाही; उपदेशकांचा चष्मा फुटलाय म्हणे, गेली सहा वर्षं. किटली मात्र माझ्याकडून काढून घेतलेली नाही.

मकावासी

*

तवेनी,
१२ एप्रिल १९८१

ताई,

तू लिहितेस ते वाचायला गंमत वाटते, पण मी इथे रोज साहेबांसमोर उभा राहतो, हे विसरू नकोस.

तुझी शंका फिटावी म्हणून नकाशाची नक्कल सोबत पाठवत आहे. कुणाला दाखवू नकोस. चार वर्ग, मुख्याध्यापकांचा बंगला, कार्यालय, पाहुण्यांसाठी सभागृह, मुलग्यांचं वसतिगृह, झेंड्याचा चौथरा आणि कमान. कमान दगडी आहे.

आता खरं सांगतो, आणि हे पत्र वाचून चुलीत घाल. डोंगरमाथा यासाठी की खालच्या मोठ्या रस्त्यावरून तो दिसतो. ऑक्टोबरात मंत्री त्या रस्त्याने जाणार आहेत. तुमच्या ओढ्यावरच्या खिंडीत शाळा बांधली तर पाणी मिळेल, सावली मिळेल, मान्य. पण ती मंत्र्यांच्या गाडीतून दिसणार नाही. जी शाळा दिसत नाही ती साहेबांच्या दृष्टीने झालेलीच नाही.

मी काय करू? मला तीन मुलं आहेत, कचेरीने दिलेलं घर आहे. साहेब चिडले तर माणसाची बदली अशा ठिकाणी करतात की तिथे पत्रंसुद्धा तहानेने मरतात. आमची वावुदा किनाऱ्यावरच्या मुलींच्या शाळेत जाईल, तशी बोलणी झाली आहेत. सारूचंही पुढेमागे बघू.

अहवाल कालच गेला. 'पालकांचा सहभाग: उत्साहपूर्ण.' हे शब्द माझे आहेत. तुम्ही लोकांनी खरंच उत्साह दाखवला, त्याबद्दल आभार.

न्याम्बू

*

मरुंगा,
३० जून १९८१

न्याम्बू,

अडीच महिने लिहिलं नाही, कारण सहभाग घेत होते. डोक्यावर.

ओढा ते डोंगरमाथा किती चढ आहे ते तुला आठवत असेल. लहानपणी तू निम्म्यात बसून रडायचास. मे महिन्यात आम्ही बाया रोज सकाळी दोन खेपा घालायचो. समितीतले पालक वर चीफच्या घराच्या सावलीत बसून कमानीची रुंदी ठरवायचे. मंत्र्यांची गाडी जायला हवी का मंत्री चालत जातील, यावर चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी मशाई घसरली. डोक्यावरचा दगड सुटला तो बाजूला पडला, पण ती खाली गडगडत गेली. आम्ही एक दार उचकटून तिला त्यावर निजवून खाली मिशनच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. मूल नाही वाचलं.

तिला पोचवून परत आलो तेव्हा कोम्बोबाबांनी दोन मिनिटं प्रार्थना केली. फार चांगली केली. मग म्हणाले, "उद्यापासून जरा जपून चढा, पोरींनो."

दुसऱ्या दिवशी आम्ही जपून चढलो. खिंडीपर्यंत. तिथे म्वासारूच्या पडीक जागेत, झऱ्याच्या जरा खाली, सगळ्याजणींनी दगड ठेवले आणि घरी गेलो. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, शपथ घेऊन सांगते. पुढच्या बाईने ठेवला, मागचीने ठेवला. तिसऱ्या दिवशीही तिथेच. तीन आठवड्यांत हत्तीएवढा ढीग झाला.

मग कोम्बोबाबा दोघांच्या खांद्यावर हात ठेवून खाली आले.

"हे दगड इथे का?"

मशाईची सासू म्हणाली, "बाबा, इथपर्यंत आमचा सहभाग. इथून वर तुमचा."

बाबांच्याही अंगात रक्त आहे. त्यांनी पुरुष गोळा केले. समिती, दुकानदार, चीफचा मेहुणा, सगळे. दोन दिवस दगड वाहिले, न्याम्बू! मी डोळ्यांनी पाहिलं. उपदेशकांना तर वाटेत देव आठवला, आणि या वेळी मनापासून. तिसऱ्या दिवशी समितीची तातडीची बैठक भरली. निम्मे सदस्य आडवे होते. कोम्बोबाबा कण्हत म्हणाले, "मी म्हणतो, खिंडीत सावली बरी आहे."

"वाराही चांगला येतो," दुकानदार म्हणाला.

"पाणी जवळ आहे," चीफचा मेहुणा म्हणाला. जणू झरा त्याच सकाळी उगवला होता.

मान हलवणाऱ्या तिघांनी मान हलवली. त्यातल्या एकाला मान हलवतानाही दुखत होतं.

मग म्वासारूने जागा दिली, त्याच्या नातीला पहिल्या वर्गात घेण्याच्या बोलीवर. आम्ही दोर ताणून, राख टाकून जमिनीवर वर्ग आखले. आणि सगळ्यांत आधी काय केलं माहितीये? मुलींचा संडास खणला. पंधरा फूट खोल. कागदावरची खोली कुणीही खोडून टाकू शकतं. पंधरा फुटांचा खड्डा खोडून दाखव म्हणावं.

सोबत ठराव आहे. मी स्वतः इतिवृत्त लिहिलंय, एकशे त्रेचाळीस पालकांच्या सह्या आणि अंगठे आहेत. जागा: खिंड. वर्ग: चार. विद्यार्थी: मुलगे आणि मुली. कमान: नको. साहेबांच्या टेबलावर ठेव. त्यांना सहभाग हवा होता ना? हा बघ, ताजा आहे.

मकावासी

*

तवेनी,
८ जुलै १९८१

ताई,

मशाईचं वाचून वाईट वाटलं. तिला सांग.

पण हे तुम्ही काय करून बसलात? मी साहेबांना सांगितलंय की दगड माथ्यावर चढतायत, पाया ऑगस्टात पडेल. मंत्र्यांचा कार्यक्रम छापून आलाय. आता मी हा ठराव टेबलावर ठेवला तर पहिला प्रश्न हा येईल की सहाय्यक इतके दिवस काय झोपला होता?

ठराव माझ्या खणात आहे. सुरक्षित आहे. तुम्ही शांतपणे दगड वर हलवा. कमान लहान करायला मी साहेबांना राजी करीन, शब्द देतो. मुलींचं दुसऱ्या टप्प्यात नक्की.

न्याम्बू

*

मरुंगा,
१५ जुलै १९८१

न्याम्बू,

मशाईला सांगितलं. तिला 'दुसरा टप्पा' म्हणजे काय ते विचारायचं मला सुचलं नाही.

आज टोमणे मारायला जीव होत नाही, म्हणून थोडं सरळ लिहिते.

आपण दोघं एकाच वर्षी सातवी झालो. परीक्षेत मी पहिली होते आणि तू चौथा. मास्तरांनी निकाल वाचला तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास. पुढची शाळा खाली, बारा मैलांवर. मावशी आणि आई दोघी बसल्या आणि म्हणाल्या, एवढ्या लांब पोरीला कसं पाठवायचं? तू गेलास. माझी पेन्सिल घेऊन गेलास, कारण तिला टोक बरं होतं. मी तुझा कधी राग केला नाही; तेव्हाही नाही, तू इंग्रजीत पत्र लिहायला लागलास तेव्हाही नाही. तू गेलास म्हणजे आमच्यातलं कुणीतरी गेलं, असं मी धरून चालले.

मी गुरुवारच्या बसने खाली येऊन तो ठराव स्वतः साहेबांच्या हातात देऊ शकते. पण साहेब विचारतील, पहिली प्रत कुठे गेली? आणि माझ्या तोंडून तुझं नाव निघावं असं मला वाटत नाही. म्हणून येत नाही. खण तुझा आहे. तूच उघड, नाहीतर उघडू नकोस.

मकावासी

*

मरुंगा,
१९ ऑगस्ट १९८१

न्याम्बू,

पाच आठवडे झाले. उत्तर नाही, म्हणजे उत्तर मिळालं.

परवा कचेरीची गाडी आली आणि कुणी तरी माथ्यावरच्या खुंट्या मोजून गेलं. आम्ही पाया खणतोय, खिंडीतच. तुझ्या खणाला माझा नमस्कार सांग.

मकावासी

*

बुलामोरा,
२० सप्टेंबर १९८१

प्रिय ताई,

वरचं गावाचं नाव वाचून दचकू नकोस. नकाशात सापडणार नाही, मीही शोधून थकलो. तुझं ऑगस्टचं पत्र तवेनीला फिरून, दोन ट्रक आणि एका उंटावरून काल इथे आलं. तू त्यात जे लिहिलंयस त्यातलं निम्मं मला लागू होतं, म्हणून रागावलो नाही.

आता ऐक. तुझं जुलैचं पत्र मी तीनदा वाचलं. मग चौथ्यांदा वाचायचं धाडस होईना, म्हणून खण उघडून ठराव खिशात घातला. तो तिथेच राहिला, नऊ दिवस. माझ्या शौर्याची मुदत तेवढीच लांब आहे, हे तुला माहीत असलेलं बरं.

दहाव्या दिवशी किनाऱ्याकडून प्रांताचे बांधकाम इंजिनिअर आले. म्हातारा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. नकाशा पसरून त्यांनी साहेबांना विचारलं, "इतक्या उंचावर पाणी कुठून आणणार?"

साहेब म्हणाले, "पालकांनी एकमताने हीच जागा निवडली."

"एकमताने?"

"विचारा आमच्या सहाय्यकाला. सहभाग त्यानेच घेतलाय."

इंजिनिअर माझ्याकडे वळले. "काय म्हणाले पालक?"

ताई, मी 'उत्साहपूर्ण' म्हणणारच होतो. शब्द जिभेवर तयार होता, सवयीचा आहे. पण तोंडातून निघालं, "पालक म्हणाले, तहान तांत्रिक असते होय?" आणि मी ठराव टेबलावर ठेवला.

त्यांनी तो सगळा वाचला. अंगठेसुद्धा. मशाईचं तू इतिवृत्तात एका ओळीत लिहिलं होतंस, तिथे ते थांबले. मग नकाशाची गुंडाळी करून म्हणाले, "मी डोंगरावर जाऊन येतो. एकटा." तू लिहिलंस त्या गाडीत तेच होते. खुंट्या मोजत नव्हते. उपटायला किती माणसं लागतील ते मोजत होते.

ते गेल्यावर साहेबांनी दार लावलं. "या लोकांना सहभाग इतका मनावर घ्यायला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "साहेब, तुम्हीच. भाषणात."

चौथ्या दिवशी बदलीचा हुकूम आला. पद तेच, पालक सहभाग सहाय्यक. इथे शाळा नाही. पालक आहेत, पण ते उंटांबरोबर पाण्यामागे गेलेत, पाऊस पडला तर येतील. माझ्या खोलीला मात्र पाटी आहे, आधीच्या माणसाच्या नावाची. तो कुठे गेला ते कुणी सांगत नाही.

तवेनीचं घर सोडावं लागलं. किनाऱ्यावरच्या शाळेने वावुदाची जागा दुसऱ्या कुणाला दिली. साहेबांची चिठ्ठी होती, ती साहेबांनी परत मागवली. मलेम्बाला आणि पोरांना मी मरुंग्याला जायला सांगितलंय, माझ्या आईच्या घरी. छप्पर गळतं, तेवढं बघशील का? मलेम्बा माझ्याशी फार बोलत नाही सध्या. मी बरोबर केलं की तीन पोरांना रस्त्यावर आणलं, हे तिचं अजून ठरत नाहीये. माझंही नाही.

आणि ताई, पेन्सिलचं मला आठवत होतं. आठवत नाही असं मी इतकी वर्षं दाखवलं, एवढंच.

न्याम्बू

*

मरुंगा,
६ फेब्रुवारी १९८२

प्रिय न्याम्बू,

तुझं पत्र आल्यावर मी काय केलं ते सांगणार नाही. नाहीतर तू पुढची वीस वर्षं ते लोकांना सांगत फिरशील. छप्पर म्वासारूने शाकारलं. त्यानंतर मी तुला दोन चिठ्ठ्या पाठवल्या, त्या बहुतेक उंटाने खाल्ल्या. म्हणून सगळं पुन्हा लिहिते.

खुंट्या मोजून गेलेले इंजिनिअर आठ दिवसांनी खाली आमच्याकडे आले, तेव्हाही ते कोण आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. ते खिंडीत हिंडले, झऱ्याचं पाणी ओंजळीने प्याले, मग संडासाच्या खड्ड्यापाशी येऊन उभे राहिले. "हा कुणी आखला?" मशाईच्या सासूला वाटलं, आता शिव्या. "आम्ही बायांनी," ती म्हणाली, "झऱ्याच्या खालच्या अंगाला, आणि वारा वास वर्गांकडे आणणार नाही अशा बाजूला." ते म्हणाले, "माझी माणसं दहातल्या सात वेळा हे चुकवतात." एवढंच बोलले आणि गेले. आठवड्याने मंजुरी आली. सिमेंटही आलं.

चारातले दोन वर्ग उभे राहिले. बंगला नाही, सभागृह नाही. मंत्री ऑक्टोबरात मोठ्या रस्त्याने गेले. डोंगराकडे बघितलं की नाही कुणास ठाऊक, आम्ही पत्रे ठोकत होतो. उद्‌घाटनाला मात्र मुसेम्बी साहेब आले. आम्ही त्यांना पाठ असलेली खुर्ची दिली. ते भाषणात म्हणाले, "खिंडीची जागा मी पहिल्या दिवशीच हेरली होती." मालकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर बरंच वाटलं. आता ते स्वतःच ही शाळा कधी हलवू देणार नाहीत.

कोम्बोबाबाही सगळ्यांना सांगतात की दगड त्यांनी वाहिले. खोटं नाही; दोन दिवस वाहिले. मशाई त्यांच्यासमोरून जाते तेव्हा मात्र गप्प होतात. ती आता चालते, जरा लंगडते. सभांना येते. तिला काय वाटतं ते मी विचारत नाही. शाळा बघून आनंद झाला असं तिने म्हणावं, ही अपेक्षासुद्धा मला उद्धटपणाची वाटते.

सोमवारी नावं लिहून घेतली. पंचवीस मुलगे, बावीस मुली. मागल्या वर्षी घरी बसलेल्यांतल्या सहा आल्या. बाकीच्या पाचजणींसाठी उशीर झाला. सारू रांगेत उभी राहिली तेव्हा मी झाडामागे जाऊन उभी राहिले, कारण सगळ्या आया रडत होत्या आणि चिटणिसाने तसं करणं बरं दिसत नाही.

तुझी वावुदा शेवटून तिसरी होती. मलेम्बा बरोबर होती. नवे मुख्याध्यापक तरुण आहेत, फार काटेकोर. त्यांनी विचारलं, "पालकाचं नाव?"

मलेम्बाने आधी वावुदाची कॉलर सारखी केली. मला वाटलं, आता ही स्वतःचं नाव सांगते. तसा तिला हक्क आहे, आणि रागही आहे. मग म्हणाली, "न्याम्बू. लिहा. लांब आहेत, पण आहेत."

"गाव?"

"बुलामोरा."

त्यांनी दोनदा विचारून लिहून घेतलं.

तर तू आता या शाळेचा पालक झालास. सहाय्यक नव्हे, पालक. पहिली पालकसभा मार्चच्या २७ तारखेला, शनिवारी, दुसऱ्या वर्गात भरेल; पहिल्या वर्गाला अजून खिडक्या नाहीत. विषय एकच: उरलेल्या दोन वर्गांचं काय करायचं. समितीत आता चार बाया आहेत, त्यामुळे बोलायला जागा मिळवावी लागते. रजेचा अर्ज आजच टाक. आणि आलास की मधल्या बाकावर मलेम्बाशेजारी बस. तिने तुझ्यासाठी जागा धरायला मला सांगितलेलं नाही, पण नको असंही म्हणाली नाही.

तुझी,
मकावासीताई